सल्लागारांची भागीदारी आणि मुळशीचा डोंगर

घर घेण्याची गोष्ट कुटुंबात निघाली की हल्ली दिवाणखान्यातील मेजावर रंगीत पुस्तिकांची चळत येऊन पडते. पूर्वी अशा वेळी वडील मंडळी चार प्रश्न विचारीत: उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती राहते, पावसाळ्यात अंगण तुंबते काय, वारा कोणत्या अंगाने येतो, शेजार कसा आहे. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत विसाराचा रुपया हातातून सुटत नसे. आता पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ‘हरित वास्तू’ अशी अक्षरे असतात, त्यांच्याखाली ओळीने तारे छापलेले असतात, आणि तेवढ्याने सर्वांचे समाधान होते. हे तारे कोण देतो आणि कोणाच्या सल्ल्याने घर हरित ठरते, हे फारसे कोणी विचारीत नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी मुळशीकडे जमिनीचा एखादा तुकडा घेऊन ठेविला आहे, कित्येक घेण्याच्या बेतात आहेत. म्हणून ह्या महिन्यात अशा सल्लागारांच्या एका भागीदारीची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ती जन्मली अमेरिकेत; परंतु तिची खरी परीक्षा झाली ती मुळशी तालुक्यात, मोसे नदीच्या खोऱ्यात.

हा धंदा मुळात फार जुना नव्हे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखून धरले, तेव्हा काचेच्या उंच इमारती थंड किंवा उबदार ठेवण्यास किती इंधन जळते याचा हिशेब पाश्चात्त्य देशांत प्रथम गंभीरपणे मांडला गेला. इंग्लंडात १९९० साली ‘ब्रीअम’ नावाची गुणांकनपद्धती निघाली. अमेरिकेत १९९३ साली ह्याच कामासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने पुढे ‘लीड’ नावाची पद्धती बसविली. आपल्याकडे उद्योगपतींच्या पुढाकाराने २००१ साली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल निघाले. हैदराबादेस सोहराबजी गोदरेज यांच्या नावाने उभारलेल्या इमारतीचे उद्घाटन २००४ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी केले, आणि तिला मिळालेला प्लॅटिनम दर्जा तोवर अमेरिकेबाहेर कोणास मिळालेला नव्हता. ‘टेरी’ संस्थेने तयार केलेली स्वदेशी पद्धती केंद्र सरकारने २००७ साली राष्ट्रीय म्हणून स्वीकारली. तिचे नाव ‘गृह’. इंग्रजी आद्याक्षरांची ओढाताण करून हा संस्कृत शब्द साधलेला आहे. आमच्यासारख्या जुन्या संस्कृत मास्तरास ती कसरत आवडल्यावाचून राहत नाही.

गुण आले की गुण मिळवून देणारे शिकविणीवाले येतात, हा शाळेतील नियम येथेही लागू पडला. पाण्याचे इतके गुण, विजेचे इतके, मातीचे इतके, असा हिशेब जुळवून देणाऱ्या सल्लागारांच्या कंपन्या गावोगाव निघाल्या. त्यांतील पुष्कळशा सचोटीने काम करतात. परंतु आम्ही जिची गोष्ट सांगणार, त्या भागीदारीचा उगम गुणांच्या हिशेबात नव्हता, एका पुस्तकात होता.

जॅनीन बेन्यस ह्या बाई मूळच्या न्यू जर्सी प्रांतातल्या. महाविद्यालयात त्यांनी वनसंपत्तीची व्यवस्था आणि इंग्रजी वाङ्मय अशा दोन विषयांचा अभ्यास केला होता, आणि वन्य प्राण्यांच्या वसतिस्थानांवर सामान्य वाचकांसाठी मार्गदर्शक पुस्तके लिहिली होती. १९९७ साली त्यांचे ‘बायोमिमिक्री’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील विचार थोडक्यात असा: मनुष्य जे प्रश्न सोडविण्यासाठी भट्ट्या पेटवितो आणि विषारी रसायने वापरतो, ते बहुतेक प्रश्न वनस्पतींनी आणि प्राण्यांनी ३८० कोटी वर्षांत केव्हाच सोडविलेले आहेत, तेव्हा त्यांची नक्कल करावी. मुलांच्या बुटांवर फरफर आवाज करून उघडणारी जी पट्टी असते, ती जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस गृहस्थास कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचली, हे एक उदाहरण. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे मिक पिअर्स ह्या वास्तुविशारदाने १९९६ साली पुरी केलेली इमारत वारुळावरून सुचलेली आहे. तेथे यंत्राने थंड केलेल्या हवेवाचून बहुतेक काम भागते.

पुस्तके अशी पुष्कळ निघतात आणि कपाटात जाऊन बसतात. ह्या पुस्तकाचे तसे झाले नाही, कारण डेना बाउमाइस्टर ह्या जीवशास्त्रज्ञ बाई लेखिकेस येऊन मिळाल्या आणि दोघींनी १९९८ साली माँटाना प्रांतात ‘बायोमिमिक्री गिल्ड’ ही सल्लागार संस्था काढली. दोघी स्त्रिया, दोघींपैकी एकही स्थपती नाही, हाताशी यंत्रशाळा नाही. विकावयाचे ते फक्त निरीक्षण. पहिल्या गिऱ्हाइकांत जमिनीवरील गालिचे करणारा एक कारखाना होता. त्याच्या कारागिरांना रानात नेऊन पालापाचोळ्याकडे पाहावयास सांगितले. रानातील जमिनीवर कोणतीही दोन पाने सारखी नसतात, तरी सगळे एकजीव दिसते. त्यावरून कोठलाही तुकडा कोठेही, कसाही फिरवून बसवावा आणि तो विसंगत दिसू नये, असा गालिचा निघाला. नासधूस कमी झाली, खपही मोठा झाला. आमच्या मते ह्या धंद्याचे मर्म येथे आहे. दोघींनी कारखानदारास उत्तर दिले नाही. त्याच्या माणसांस योग्य जागी नेऊन उभे केले.

आता दुसरा भागीदार. सेंट लुइस शहरी हेलमथ, ओबाटा आणि कासाबाउम ह्या तिघा वास्तुविशारदांनी १९५५ साली एक कंपनी काढली. तिघेही त्याच शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठाचे विद्यार्थी. ती ‘एचओके’ ह्या आद्याक्षरांनी जगभर ओळखली जाते आणि तिने विमानतळांपासून इस्पितळांपर्यंत सर्व काही बांधले आहे. टिकाऊ बांधणीविषयी तिच्या माणसांनी २००० साली एक मार्गदर्शक ग्रंथही प्रसिद्ध केला होता. २००८ साली ह्या अवाढव्य कंपनीने त्या लहानशा गिल्डशी सहकार्याचा करार केला. नकाशाच्या मेजाशी प्रथमपासून जीवशास्त्रज्ञ बसेल, हे त्याचे मुख्य सूत्र. प्रथमपासून ह्या शब्दावर वाचकांनी बोट ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ह्या भागीदारीच्या आरंभीच्या कामांत लवासा होते. पुणेकरांस त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी दासवे गावापासून आरंभ करून सुमारे १०० चौरस किलोमीटर टापूत नवे गिरिनगर वसविण्याचा हा बेत होता; राज्य सरकारने २००१ साली मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील १८ गावांच्या क्षेत्रास त्यासाठी मान्यता दिली होती. सल्लागारांनी आधी विचारले ते असे: मनुष्य येण्यापूर्वी येथे काय होते? उत्तर निघाले, पानझडीचे दमट अरण्य, जे तुटून तुटून डोंगर उघडे पडले होते. मग दुसरा प्रश्न: ह्या अरण्यात चार महिने कोसळणाऱ्या पावसाचे काय होत असे? काही पाणी पानांवरूनच पुन्हा वाफ होऊन जाई, काही मुळांशी मुरे, आणि फार थोडे माती घेऊन नदीस मिळे. तेव्हा नव्या नगराने तेच करावे, असे ठरले. इमारतींचे पाये झाडांच्या मुळांसारखे पाणी साठविणारे असावेत. जादा पाणी एका गटारात न कोंडता अनेक वाटांनी काढून द्यावे, जसे त्या माळावरील दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या आपल्या बिळाभोवती करतात. आणि छपराची कौले पानाच्या शेपटीसारखी निमुळती असावीत, म्हणजे पाणी निथळता निथळता त्यांवरील धूळही धुऊन नेईल.

हे पान वडाचे, असे इंग्रजी वर्णनांत लिहिलेले आढळते. आमच्या वाचकांच्या घरातील वटपौर्णिमा पाहिलेली कोणतीही मुलगी सांगेल की वडाचे पान टोकाशी बोथट असते. लांब शेपटी असते ती पिंपळाच्या पानास. सात समुद्रांपलीकडून आलेल्या माणसांची ही चूक लहान आहे आणि ती आम्ही थट्टेने सांगत नाही. परंतु दासव्यातील एखाद्या म्हातारीस विचारले असते तर ती तेथल्या तेथे दुरुस्त झाली असती.

ह्या पद्धतीस नवी म्हणतात. आम्हांस ती ओळखीची वाटली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकात, दकार्गल नावाचा अध्याय आहे. वेत, जांभूळ, उंबर अशा झाडांवरून आणि त्यांच्या शेजारच्या वारुळांवरून जमिनीखाली पाणी कोठे आणि किती पुरुष खोल लागेल, ते त्यात सांगितले आहे. त्याच ग्रंथात वास्तुविद्येच्या प्रकरणी भूमीची परीक्षा आहे: हातभर खड्डा खणावा, निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी, माती उरली तर भूमी उत्तम, पुरली नाही तर वाईट. हल्लीच्या काही वास्तुपंडितांनी ह्या शास्त्राचे आरसे आणि पिरॅमिड करून टाकले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. मूळ ग्रंथकाराने झाड आणि मुंगी ह्यांस साक्षीदार मानले होते, हे खरे. आणि त्याची परीक्षा जागा पसंत करण्यापूर्वी करावयाची होती, हेही खरे.

येथे ‘प्रथमपासून’ ह्या शब्दाची आठवण होते. लवासाचा मूळ आराखडा एचओके कंपनीनेच केलेला, आणि दासव्याच्या आराखड्यास अमेरिकेतील नगररचनाकारांच्या संस्थेचे पारितोषिक मिळाले ते २००५ साली. गिल्डशी करार झाला २००८ साली. म्हणजे जीवशास्त्रज्ञ मेजाशी येऊन बसले तेव्हा जमीन घेऊन झाली होती, रस्ते कोठून जावयाचे ते ठरले होते, डोंगराच्या कोणत्या उतारावर माणसे राहावयाची हेही बहुतेक ठरले होते. पाहुण्यास पंगतीत बसवून, पान वाढून झाल्यावर, काय रांधावे म्हणून विचारावे, तसा हा प्रकार झाला. मुंगीचा सल्ला घेतला. पण मुंगी बीळ कोठे खणते हा तिचा पहिला धडा मात्र राहून गेला.

पुढचे वृत्त वर्तमानपत्रांतून आले आहे, म्हणून आटोपते घेतो. राज्य सरकारने २००४ साली पर्यावरणविषयक परवानगी दिली होती. ती देण्याचा अधिकार राज्यास नव्हता, केंद्रास होता, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे म्हणणे पडले. ही जागा समुद्रसपाटीपासून १००० मीटरांहून खाली असल्याने केंद्राच्या परवानगीची गरजच नव्हती, असा कंपनीचा युक्तिवाद होता. मेधा पाटकर आदिकरून कार्यकर्त्यांनी जमिनी कशा घेतल्या आणि डोंगर कसे कापले याविषयी तक्रारी केल्या, आणि २५ नोव्हेंबर २०१० रोजी काम थांबविण्याची नोटीस निघाली. वर्षभराने, २०११ च्या नोव्हेंबरात, २००० हेक्टरांपुरती अटींसह मंजुरी मिळाली; पण तोवर पैशाचा ओघ आटला होता. २०१८ च्या ऑगस्टात कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. निम्म्यावर सोडलेल्या इमारतींचे सांगाडे आणि पैसे गुंतलेली कुटुंबे मागे राहिली.

ह्यात गिल्डच्या दोन स्त्रियांचा दोष कोणता? पुष्कळांना वाटेल, काहीच नाही; सल्लागाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. आम्हांस तसे वाटत नाही. वैद्य आणि वकील हेही सल्लागारच. पण रोग्याने किंवा पक्षकाराने भलताच प्रश्न विचारला तर ‘हा प्रश्नच चुकीचा’ असे सांगण्याची त्यांच्या पेशाची रीत आहे. हरित वास्तूच्या सल्लागारास बांधणारा मेहनताना देतो. ‘येथे बांधू नका’ हे वाक्य उच्चारण्याची सोय ह्या धंद्यात अद्याप झालेली नाही. ती होत नाही तोवर त्याचा सल्ला पायापासून वर चढेल. पायाच्या खाली उतरणार नाही.

आणि मुळशीत पायाच्या खाली काय आहे? मुळा आणि नीला यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा पन्नासाहून अधिक गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापटांनी त्याचे पुढारीपण केले, १९२४ पर्यंत तो चालला आणि मोडला. पाणी कोकणात भिऱ्यास उतरले, वीज मुंबईस गेली. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी ह्या लढ्याचा जो इतिहास लिहिला आहे, त्यातील एक गोष्ट आमच्या वाचकवर्गास सुखावह नाही, तरी सांगितलीच पाहिजे. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली होती. त्या सावकारांत आपल्याच ज्ञातीची घरे पुष्कळ होती. आणि कुळे जमीन सोडावयास तयार नसता सावकारांस मोबदला वाढवून मिळण्यात गोडी होती. एका अंगाने पुण्याचे तरुण तुरुंगात जात होते, दुसऱ्या अंगाने पुण्याचेच वाडे भाव ठरवीत होते. आज मुळशीत तुकडा घेणारा पुणेकर सावकार नव्हे, हे खरे. पण त्या डोंगरातील माणसांस तो कोणत्या बाजूने येताना दिसतो, याचा विचार त्याने अवश्य करावा.

कातकरी, कोळी, धनगर आणि मराठे ह्यांची घरे ज्यांनी त्या भागात पाहिली असतील, त्यांस एक गोष्ट ध्यानात आली असेल. छप्पर इतके उतरते की कड जवळजवळ जमिनीस टेकते. भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. घर सपाटीवर, पण ओढ्याच्या वाटेत कधीच नाही. भातलावणीस बायका जे इरले डोक्यावर घेतात, तेही त्याच विद्येचे. ही घरे सोयीची होती असे आमचे म्हणणे नाही. धुराने डोळे जात आणि पावसाळाभर ओल हटत नसे. परंतु पाऊस कोठून येतो आणि कोठे जातो हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक, त्यांस भागीदारीत अर्धी पाती तरी मिळावयास हवी होती.

दुसऱ्या तऱ्हेनेही बांधता येते, याचा दाखला त्याच तालुक्यात आहे. पौडाजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७ साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. त्याचे वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर हे जन्माने अमेरिकन; १९६८ साली अहमदाबादेस आले, १९७६ पासून पुण्यास राहिले आणि २ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तले. पुण्यात त्यांनी अनिता गोखले-बेनिंजर ह्या भूगोलतज्ज्ञ विदुषींसह विकासाच्या अभ्यासाची एक संस्था काढली होती; एकास घर कळे, दुसरीस भूमी, अशी ती जोडी. कॉलेजच्या भिंती तेथल्याच काळ्या दगडाच्या, इमारती ठेंगण्या, उताराच्या कलाने बसविलेल्या. तेही शेवटी श्रीमंतांच्या पैशाने उभे राहिलेले विद्यालय आहे, आश्रम नव्हे. पण डोंगरास त्याने आपल्या मापात बसविले नाही, आपण डोंगराच्या मापात बसले.

२०२४ च्या जुलैत २४ आणि २५ तारखांच्या दरम्यान ताम्हिणी घाटात चोवीस तासांत ५५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. त्याच पावसात लवासात दरड येऊन बंगले मातीखाली गेले, आणि खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने पुण्यात सिंहगड रस्त्याकडील घरांत पाणी शिरले. एवढा पाऊस अस्पर्श रानातही दरडी पाडतो. पण रानात दरडीच्या वाटेवर कोणी झोपलेले नसते.

आता ज्यांच्या मेजावर पुस्तिका पडलेली आहे त्यांच्यासाठी. तारे दोन प्रकारचे असतात. नकाशे पाहून दिलेला दर्जा हा पूर्वदर्जा. इमारत पुरी झाल्यावर तपासून दिलेला तो खरा. पुस्तिकेत बहुधा पहिला छापतात. तेव्हा कोणता, हे विचारावे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे हरित दर्जा मिळविणाऱ्या बांधणाऱ्यास ३, ५ किंवा ७ टक्के जादा बांधकाम करता येते; म्हणजे ताऱ्यांचा लाभ प्रथम त्यास होतो, हे ध्यानी धरावे. मोठ्या प्रकल्पास केंद्राची किंवा राज्याची पर्यावरण मंजुरी असते आणि तिच्या अटी कोणासही वाचावयास मिळतात. त्या मागवाव्या, घरातील शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने त्या मोठ्याने वाचून दाखवाव्या. सल्लागार कामास केव्हा लागला, जमीन घेण्यापूर्वी की नंतर, ही तारीख विचारावी. आणि जागा पाहावयास जावयाचे ते जानेवारीच्या सुखद उन्हात जाऊ नये. आषाढात जावे, छत्री नव्हे तर गुडघाभर बूट घेऊन जावे, आणि डोंगरावरून येणारे पाणी त्या तुकड्याच्या कोणत्या बाजूने जाते ते उभे राहून पाहावे. शेजारच्या वाडीत एखादी म्हातारी भेटेलच. तिच्यापाशी चहापुरते बसावे.